फळ खायचं का विचारताय? आधी पान दाखवा

मे महिना लागला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कोणी माळशेजला गेलेलं असतं, कोणी आंबोलीला, कोणी पोरांना घेऊन लोहगडावर, आणि फोटोत काय असतं तर तळहातावर दोन लाल नाहीतर काळी गोटीएवढी फळं आणि खाली मेसेज, "हे काय गं? खाल्लं तर चालेल का?" मग दोन मिनिटांनी अजून एक मेसेज, "एक खाल्लं, गोड आहे." हा दुसरा मेसेज आला की माझ्या पोटात गोळा येतो.

आधीच सांगते, मी बॉटनीची प्रोफेसर वगैरे नाही, बँकेत नोकरी करते, वीसेक वर्षं डोंगर हिंडायची सवय आणि झाडांचं वेड एवढंच माझं भांडवल. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीये, नुसत्या फळाच्या फोटोवरून झाड ओळखायचं म्हणजे नुसत्या टिकलीवरून बाई ओळखायची. लाल टिकली तर काय, अर्ध्या गावाची असते.

असं का होतं ते बघा. फळ ही झाडाची जाहिरात असते, गिऱ्हाईक कोण तर बुलबुल, मैना, कोकीळ असले पक्षी, त्यांनी फळ गिळायचं आणि बी लांब कुठंतरी टाकायचं. हिरव्या पाल्यात पक्ष्याला पटकन काय दिसतं, लाल नाहीतर काळं चकचकीत. त्यामुळे एकमेकांशी काही नातं नसलेली झाडंसुद्धा सेम रंगाची, सेम साइजची फळं लटकवून बसतात, एकाच रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या कशा सारख्याच रंगाच्या असतात तसं. पानं मात्र फांदीवर कशी लागतात, चीक येतो की नाही, काटा कुठून फुटतो, ही घराण्याची वळणं असतात आणि ती सहसा बदलत नाहीत. म्हणून फळ शेवटी बघायचं, आधी बाकीचं झाड.

हे मी शिकले ते नाणेघाटाच्या वाटेवर, आणि जरा लाज वाटावी असंच शिकले. अळू माहितीये ना, पानांचं फतफतं करतात तो अळू नाही, घाटावर आणि कोकणात ज्या काटेरी झाडाला लिंबाएवढी फळं येतात, पिकली की चॉकलेटी पडतात आणि आतला गर आंबटगोड लागतो, ते अळू. लहानपणी मामाकडे खाल्लेलं. तर उन्हाळ्याच्या तोंडावर वाटेत एक काटेरी झुडूप दिसलं, त्याला तशीच पिवळट तपकिरी फळं, मी लगेच ग्रुपसमोर शायनिंग मारत चार तोडली आणि सगळ्यांना सांगायला लागले की हा आमच्या लहानपणीचा रानमेवा वगैरे. मागून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई येत होती, ती थांबली, माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "ताई, अळू न्हाय त्यो. गेळा हाय. खाल्ला तर वकत बसाल." आणि हसत पुढं निघून गेली, मोळीसकट.

घरी येऊन शोधलं तर ती शब्दशः खरं बोलली होती. गेळफळ म्हणजे आयुर्वेदातलं मदनफळ, वैद्य लोक ते उलटी करवण्यासाठीच वापरतात, वमनासाठी. आणि गंमत म्हणजे अळू आणि गेळा दोघं एकाच कुळातले, कॉफीच्या कुळातले, त्यामुळे काटे आणि फळाचा आकार बघून माझ्यासारखी अर्धवट हुशार माणसं फसतात. फरक कुठं आहे? फळ फोडलं की कळतं, अळूत चारपाच टणक आठळ्या असतात, गेळ्यात गरात रुतलेल्या पुष्कळ बारीक बिया. फळ न फोडताही कळतं, गेळ्याची पानं लहान आणि आखूड फुटव्यावर झुबक्यानं लागतात, अळूची पानं चांगली मोठी, समोरासमोर नाहीतर तिघं तिघं मिळून. मी पानं बघितलीच नव्हती, लहानपणची आठवण पुरेशी वाटली होती मला.

तर आता बघायचं कसं. पहिला प्रश्न, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? फांदीवरच्या ज्या गाठीतून पान फुटतं तिथं बरोबर समोर दुसरं पान आहे का ते बघायचं. पेरू, जांभूळ, करवंद, घाणेरी, तुळस ह्यांची समोरासमोर. आंबा, वड, बोर, जास्वंद ह्यांची एकाआड एक. कण्हेरीची बहुतेक वेळा तीन तीन एका गाठीवर. हे एवढं बघायला दहा सेकंद लागतात आणि त्यात निम्मी झाडं बाद होतात. शेंड्याकडं बघू नका फक्त, तिथं पानं दाटीनं असतात आणि गोंधळ होतो, जरा खालची गाठ बघा.

दुसरं म्हणजे जे दिसतंय ते एक पान आहे की पानाचा तुकडा. कडुलिंबाची ती बारीक बारीक पानं खरं तर एकाच मोठ्या पानाच्या पर्णिका असतात, शेवग्याचंही तसंच, गुलाबाचंही. ओळखायचं कसं, तर पानाच्या देठाच्या बगलेत फांदीपाशी एक छोटा डोळा असतो, पुढच्या फांदीची कळी, पर्णिकेच्या बगलेत ती नसते. ही ट्रिक मला कळली तेव्हा मी आठवडाभर सोसायटीतल्या प्रत्येक झाडाच्या बगला तपासत फिरत होते, वॉचमननं विचारलं मॅडम काय हरवलंय का.

मग फळाकडं या, पण रंगाकडं नको. फुलाचा वाळलेला उरलासुरला भाग फळाला कुठं चिकटलाय ते बघा. वांगं आणि टोमॅटो आठवा, हिरवी टोपी देठाकडं असते. पेरू आणि डाळिंब आठवा, मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला असतो. एवढ्यावरून फूल असताना फळाचा गाभा बाकीच्या फुलाच्या वर होता की खाली हे कळतं, आणि वनस्पतीशास्त्रवाले कुळं लावताना ह्याला फार मान देतात. जांभळाच्या टोकाला बघा, पेरूसारखीच खळगी सापडेल, दोघं एकाच कुळातले. गेळ्याच्या टोकाला तर चांगला ठसठशीत मुकुट असतो, त्या दिवशी मी तोही बघितला नव्हता हे वेगळं सांगायला नको.

आता चीक. "पांढरा चीक आला की विषारी" हा आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नियम आहे, आणि तसं बघितलं तर सावध राहायला बरा आहे, पण मग करवंदाचं काय करायचं? करवंदाची फांदी मोडा, फळ तोडा, पांढराशुभ्र चीक. उंबर, अंजीर, फणस, चिकू, सगळ्यांना चीक. आणि उलट धोतऱ्याला चीक नाही, पण तो पक्का विषारी. त्यातून करवंद कोणाच्या घराण्यातलं, तर कण्हेरीच्या! लाल कण्हेर, पिवळी कण्हेर, जिच्या बिया खाऊन माणसं दगावतात, त्या ह्याच कुळातल्या. म्हणजे कुळ कळलं की निकाल लागतो असं नाही, कुळ कळलं की किती सावध राहायचं ते कळतं. बटाट्याचं कुळ घ्या, वांगं, टोमॅटो, मिरची त्यातच आणि धोतराही त्यातच. शेताच्या बांधावर कामोणी असते, तिची बारकी काळी फळं पोरं खातात, काही ठिकाणी पाल्याची भाजीही करतात, पण तिचीच हिरवी कच्ची फळं खायची नसतात. घाणेरीचं तसंच, पिकलेले जांभळट काळे मणी शाळेतून येताना आपल्यापैकी निम्म्यांनी खाल्लेत, हिरवे मात्र बाधतात, आणि पाला गुरांनी खाल्ला तर त्यांची कातडी उन्हानं सोलवटते. एकाच झाडावर एकाच दिवशी दोन्ही असतात, शेजारी शेजारी, आणि तुम्ही मला फोटो पाठवून विचारता "हे झाड चालतं का". झाड नाही हो, कुठला भाग आणि कधी.

ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण गुंज. लालभडक बी, एका टोकाला काळा ठिपका. सोनार वजनाला वापरायचे, ८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा. तिच्या बियांत जे विष असतं ते अतिशय जहाल आहे, चावून खाल्ली तर जीव जाऊ शकतो, अख्खी गिळली तर कवच इतकं टणक की बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण म्हणून कोणी प्रयोग करू नये, लहान पोरांच्या हातात तर गुंजांची माळ देऊच नये. आणि ह्याच वेलाचा गोडसर पाला आपण विड्यात घालून खातो.

कुळ कळण्याचा आनंद मात्र वेगळा असतो, त्याबद्दल एक सांगतेच. आपल्या सह्याद्रीत आंबगुळ नावाचं मोठं वेलासारखं झुडूप असतं, फेब्रुवारी मार्चच्या सुमाराला लालकेशरी लांबट फळं येतात, आंबट जाम. पान उलटं केलं की खालची बाजू चंदेरी, त्यावर तपकिरी ठिपके, फळावरही चांदीचा चुरा उडवल्यासारखे कण. तर काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये लडाखला गेले होते, नुब्रा खोऱ्यात नदीकाठी काटेरी झुडपं, फांदीला चिकटून नारिंगी मणी, सगळी मंडळी फोटो काढतायत. मी पान उलटं केलं. चंदेरी! सीबकथॉर्न ते, ज्याचा ज्यूस लेहमध्ये दुकानोदुकानी मिळतो. घरी येऊन बघितलं तर खरंच आंबगुळीचं आणि त्याचं कुळ एकच. कुठं आपला घाट आणि कुठं ते थंड वाळवंट, पण नातं पानाच्या पाठीवर लिहिलेलं. ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणाला हां मॅडम, चलो.

बरं, आता ते नियम जे सगळ्यांना तोंडपाठ असतात. "पक्षी खातात म्हणजे चालतं." कोकणात काजरा नावाचं झाड आहे, फळं छोट्या संत्र्यासारखी, दिसायला इतकी सुंदर की उचलावीशी वाटतात, आणि धनेश पक्षी ती खातातही. त्याच्या बियांत स्ट्रिक्निन असतं, उंदीर मारायला वापरायचे ते. पक्षी अख्खं गिळतो, बी न चावता टाकून देतो, आपण चावतो, आणि मुळात त्याचं शरीर वेगळं. मिरचीच घ्या, पोपट कचाकचा खातो, त्याला तिखट लागतच नाही, तुम्ही खाऊन बघा त्याच्याएवढ्या. माकडांचंही तेच, माकड खातं म्हणून आपल्याला चालेल ही गॅरंटी नाही.

"गोड लागलं म्हणजे विषारी नाही" हा तर सगळ्यात वाईट. कुंपणाला लावतात तो मोगली एरंड, चंद्रज्योत म्हणतात त्याला, त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या बऱ्या लागतात. शाळेच्या मागं खेळताना पोरं त्या खातात आणि मग उलट्या जुलाब होऊन सगळी पलटण दवाखान्यात, ही बातमी पेपरात आपण किती वेळा वाचलीये. चव चांगली होती हेच तर कारण असतं.

आणि बाहेरच्या देशातले नियम इकडं आणायचे नाहीत. यूट्यूबवर अमेरिकन लोक सांगतात, पांढरी बेरी दिसली की लांब राहा. त्यांच्याकडं ठीक आहे, तिथं पॉयझन आयव्ही नावाच्या विषारी वेलाला पांढरी फळं येतात. आपल्याकडं तोरणं पांढरीच असतात की! बोराचीच बहीण ती, पिकली की दुधी पांढरी मोत्यासारखी, एप्रिल मेमध्ये कातकरी ठाकर बाया पानाच्या द्रोणात विकायला बसतात. तोरणाच्या पानाला बुडापासूनच तीन शिरा निघतात, बोरासारख्याच. आता कोणी म्हणेल की काजऱ्याच्या पानालाही बुडापासून तीन ते पाच शिरा असतात, मग? मग पहिला प्रश्न आठवा, तोरणाची पानं एकाआड एक, काजऱ्याची समोरासमोर. एकाच खुणेवर कधी थांबायचं नाही, दोनतीन खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत.

नावांचा घोळ वेगळाच. अळूचं तर सांगितलंच, एकाच नावाची दोन झाडं. उलट एकाच झाडाला दर तालुक्याला वेगळं नाव, घाणेरीला कोणी टणटणी म्हणतं, आणि ती तर मूळची आपली नाहीच, अमेरिकेतून इंग्रजांच्या काळात बागेत लावायला म्हणून आली आणि आता काढता निघत नाही. म्हणून ते जड वाटणारं लॅटिन नाव कामाचं असतं, माणसाच्या आधार नंबरासारखं. लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये झाडांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत पक्की केली, पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा स्वतःचा. पाठ करायची गरज नाही, पण कोणी नाव सांगितलं की ते टाकून सर्च करा आणि आलेली पानं, काटे, फुलं आपल्या फोटोशी जुळवा. स्थानिक माणसाला मात्र लॅटिन विचारून उपयोग नाही, त्याला झाडाशी उभं करून विचारायचं, आणि कसं विचारायचं ह्यालाही महत्त्व आहे. "मावशी, हे खातात ना?" असं विचारलं तर ती कधीकधी तुमचं मन राखायला हो म्हणेल. "मावशी, ह्याला काय म्हणता तुम्ही, ह्याचं काय करता?" असं विचारा. मग ती सांगते, हे गुरांना नको, ह्याची कच्ची भाजी, हे उकडून पाणी टाकायचं, हे आम्ही हातसुद्धा लावत नाही. ती माहिती कुठल्याच अ‍ॅपमध्ये नसते. आणि ती विकत असेल तर घ्या तिच्याकडून वाटा, करवंदं फोडत कोंबडा की कोंबडी खेळत गाडीत खा.

अ‍ॅपबद्दल. गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, मी तिन्ही वापरते आणि तिन्ही चांगली आहेत, पण त्यांचं काम अंदाज देणं, ते फोटोसारखे दिसणारे फोटो शोधतात. झाडाला हात लावून, वास घेऊन, चीक बघून ते सांगत नाहीत. प्लांटनेट तर विचारतंच की हा फोटो पानाचा, फुलाचा, फळाचा की खोडाचा, कारण त्यांनाही माहितीये एका फोटोत भागत नाही. आयनॅचरलिस्टवर मशीनच्या अंदाजानंतर खरी माणसं येऊन दुरुस्त करतात, तिथं दोन दिवस थांबायची तयारी ठेवा. शोधायला अ‍ॅप, खायला नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

फोटो काढायचाच असेल तर पाच काढा. लांबून अख्खं झाड, म्हणजे वेल आहे की झुडूप कळेल. फांदीचा, गाठी दिसतील असा. पानाची वरची बाजू, मग पान उलटून. फळ, टोकाकडून आणि देठाकडून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. फूल मिळालं तर सोनं, फुलासारखी खूण नाही. गाव, महिना आणि वास कसा आहे ते लिहून ठेवा. फांदी तोडून आणू नका, अभयारण्यात तर ते बेकायदाच आहे. आणि पान चुरगाळून वास घेण्याआधी काय आहे ते बघा, तपकिरी मखमली शेंगा लटकलेला वेल दिसला तर ती खाजकुयली असते, तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. बिब्याखालीही नको, त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात.

कोणी खाल्लंच तर? मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, दूध तूप पाजायचं नाही. तोंडात उरलेलं काढून टाकायचं, चूळ भरायला लावायची, काय आणि किती आणि किती वाजता खाल्लं ते लिहायचं, झाडाची पानाफळासकट छोटी फांदी पिशवीत घ्यायची (इथं तोडलेली चालते) आणि सरळ जवळचा सरकारी दवाखाना, नाहीतर १०८. त्रास होत नाहीये म्हणून थांबायचं नाही, गुंजेसारख्या विषाचा त्रास तासांनी सुरू होतो.

गेल्या सप्टेंबरात भाच्याचा मेसेज आला, इंग्लंडला शिकायला गेलाय तो, पायवाटेच्या कडेला काळी फळं. ह्यावेळी मात्र पाच फोटो होते, मावशीनं चांगलं बडवून शिकवलंय ना. फांदीला आकड्यासारखे काटे, पान तीन ते पाच पर्णिकांचं, आणि फळ म्हणजे एकाच देठावर बारीक बारीक मणी एकमेकांना घट्ट चिकटून. ब्लॅकबेरी. घाणेरीचा घोस लांबून तसाच वाटतो, पण तिथं प्रत्येक मणी सुटा तुटतो. त्यांच्याकडं बेलाडोना नावाचं भयंकर विषारी झुडूपही असतं, त्याचंही फळ काळं चकचकीत, पण ते एकटं एक असतं, वांग्याच्या टोपीसारख्या हिरव्या चांदणीवर बसलेलं, मणी नाहीत. दोनदा खात्री केली आणि त्याला लिहिलं, खा. फक्त कमरेच्या वरची तोड, खालच्यांवर लोकांची कुत्री पाय वर करतात.